दर सबमिशनला शीटचं स्केल का चुकतं आणि ते कायमचं कसं बरोबर करायचं

सबमिशनच्या आदल्या रात्री आर्किटेक्चरच्या ज्युनिअर्सचे ऑटोकॅडबद्दल (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) जे फोन येतात त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीचे असतात. ताई, शीटवर १:१०० लिहिलंय, पण प्रिंटवर स्केलपट्टी ठेवली तर दरवाजा भलत्याच मापाचा येतोय. किंवा मग, ताई, सोफ्याचा ब्लॉक, म्हणजे तयार चित्र, टाकला तर तो अख्ख्या प्लॅनपेक्षा मोठा आला. किंवा डॉटेड लाइन सरळ सलग दिसतेय, किंवा टेक्स्ट इतकी बारीक की वाचताच येत नाही. पोरांना वाटतं या चार वेगवेगळ्या अडचणी आहेत. मी गेली तीन वर्षं ज्युनिअर्सच्या फाइली उघडून बघतेय आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या फाइलीतही हेच सगळं झालेलं आहे, त्यामुळे खात्रीने सांगते की बहुतेक वेळा चारही गोष्टी एकाच मुळातून येतात, ते मूळ म्हणजे युनिट. पहिली रेघ मारायच्या आधी एक युनिट म्हणजे काय हे ठरलेलंच नसतं.

आणि हे दर सबमिशनला परत परत का होतं, तर रात्री दोन वाजता आपण फाइल सुधारत नाही, फक्त प्रिंट सुधारतो. प्लॅन शीटमध्ये बसेपर्यंत अंदाजाने लहान-मोठा करायचा, टेक्स्ट दुप्पट करायची, पीडीएफ काढायची, सुटलो. मग पुढच्या प्रोजेक्टला तीच जुनी फाइल सेव्ह ॲज करून सुरुवात होते आणि तिच्या पोटातली चूक तिच्याबरोबर पुढे जाते.

पहिल्या वर्षात आपण ड्रॉइंग बोर्डवर हाताने काढायला शिकतो, तिथूनच ही सवय लागते असं माझं मत आहे. बोर्डवर पाच मीटरची भिंत १:१०० ला काढायची तर आपण आधी मनात तिला लहान करतो आणि मग कागदावर ५० मिलिमीटरची रेघ मारतो. आधी लहान करा, मग काढा. ऑटोकॅडमध्ये हा क्रम बरोबर उलटा आहे, आधी खऱ्या मापात काढा आणि लहान करायचं काम शेवटी शीट लावताना करा. पाच मीटरची भिंत मिलिमीटरमध्ये ५००० अशीच टाईप करायची. हे ऐकायला सोपं आहे पण हाताची सवय सहज सुटत नाही, मी दुसऱ्या वर्षातली मुलं बघितलीयत जी ऑटोकॅडमध्येसुद्धा ५० टाईप करतात आणि मग डायमेन्शन ५० आलं की त्यावर हाताने ५००० लिहितात. हे हाताने लिहिणं सगळ्यात धोक्याचं, त्याबद्दल पुढे सांगते.

तर आधी तुमच्या फाइलमध्ये नक्की काय झालंय ते ओळखा. मी एकच गोष्ट करते, फाइलमध्ये जे माप मला पक्कं माहीत आहे ते डिस्ट कमांडने (दोन बिंदूंमधलं अंतर सांगणारी) मोजते. बेडरूमचा ९०० मिलिमीटरचा दरवाजा सगळ्यात बरा. डिस्टने ९०० दाखवलं तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, ९० दाखवलं तर सेंटिमीटर, ०.९ दाखवलं तर मीटर. ३५.४३ आलं तर इंच, २.९५ आलं तर कुणीतरी एक युनिट म्हणजे एक फूट धरून काढलंय. आणि ९ आलं तर समजायचं की बोर्डची सवय, १:१०० ला लहान करूनच काढलेलं आहे. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. प्लॅनमध्ये मोजा, सेक्शनमध्ये मोजा, आणि कुठून तरी डाऊनलोड केलेलं फर्निचर असेल तर तेही मोजा, कारण एकाच फाइलमध्ये तीन वेगवेगळी उत्तरं मिळणं हे अगदी नेहमीचं आहे.

उत्तर मिळालं की दुरुस्ती एका ओळीची आहे. त्या भागाला स्केल कमांड द्यायची आणि फॅक्टर टाकायचा, सेंटिमीटरवरून मिलिमीटरला १०, मीटरवरून १०००, इंचावरून २५.४, फुटावरून ३०४.८, आणि १:१०० ला लहान केलेलं असेल तर १००. अंदाजाने ओढून मोठं करू नका, आकडा टाका. काय फॅक्टर लागेल ते समजतच नसेल तर स्केलमध्ये रेफरन्स हा पर्याय असतो, दरवाजाची दोन टोकं दाखवायची आणि नवीन लांबी ९०० सांगायची. गूगल अर्थवरून घेतलेली साइटची इमेज लावतानाही हेच उपयोगी पडतं, फक्त तिथे दरवाजाऐवजी तुम्ही स्वतः मोजलेली रस्त्याकडची कंपाउंड वॉल घ्या, आणि जितकी लांब बाजू घ्याल तितकं बरं.

इथे एक गैरसमज आहे तो काढून टाका. युनिट्स कमांड उघडून इंचाचं मिलिमीटर केलं म्हणून आधी काढलेलं काही बदलत नाही. ती सेटिंग फक्त फाइलवर लावलेली पाटी आहे, की या फाइलमधलं एक युनिट म्हणजे एक मिलिमीटर. पण ती पाटी महत्त्वाची आहे कारण एक फाइल दुसऱ्या फाइलमध्ये इन्सर्ट करताना किंवा एक्सरेफ म्हणून (नुसती जोडून) लावताना ऑटोकॅड दोन्हीकडच्या पाट्या वाचतं आणि स्वतःहून लहान-मोठं करतं. म्हणूनच सोफा प्लॅनपेक्षा मोठा येतो, सोफा काढलेला असतो मिलिमीटरमध्ये आणि त्याच्या फाइलवर पाटी असते इंचाची, मग ऑटोकॅड इमानदारीने त्याला २५.४ पट करतं. आणि हीच चूक उलट्या बाजूनेही होते, तुम्ही फाइलला हाताने २५.४ ने स्केल केलं पण युनिट्समध्ये जाऊन पाटी बदलायला विसरलात, तर पुढच्या इन्सर्टला परत २५.४ लागतात आणि वस्तू खऱ्या मापाच्या २५.४ पट होऊन बसते. म्हणून स्केल आणि पाटी ही दोन्ही कामं एकाच बैठकीत करायची. नवीन फाइल उघडताना मेट्रिक टेम्प्लेट घ्यायचं, त्याच्या नावात आयएसओ असतं.

आता यापुढचा प्रकार स्केल कमांडनेसुद्धा सुटत नाही आणि त्याच्यात आमच्या ग्रुपचा अख्खा आठवडा गेला होता, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला मेजर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे उभी इमारत मोजून काढण्यासाठी, पुण्याच्या कसब्यातला एक जुना वाडा होता. पावसाळ्याचे दिवस, देवडीत पाणी साचलेलं, आणि आम्ही सहा जण टेप, वही आणि छत्री घेऊन. टेप फूट-इंचाचा होता, वाड्याच्या मालकीणबाई आजीही फुटातच बोलायच्या, खण मोजायचे तेही फुटातच, त्यामुळे वहीत सगळं फूट-इंच उतरलं. १९५६ च्या कायद्याने आपल्याकडे मेट्रिक मापं आली, महापालिकेच्या ड्रॉइंगमध्ये मीटर लागतो, कॉलेजला मिलिमीटर लागतो, पण साइटवरचा मिस्त्री आजही फूट, इंच आणि सूत म्हणतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा तिढा पुण्यात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारच आहे त्यामुळे त्याची तयारी ठेवलेली बरी.

घरी येऊन आम्ही काम वाटून घेतलं. तिघांनी प्लॅन, दोघांनी सेक्शन, मी एलिव्हेशन. चार दिवसांनी सगळं एकत्र केलं तर देवडी आणि ओसरी बसली पण चौक काही केल्या बंद होईना. आम्ही सगळ्यांच्या फाइली डिस्टने तपासल्या, ३०४.८ लावून झालं, तरी एका बाजूला साधारण २२३ मिलिमीटर कमी. जवळजवळ एका ९ इंची भिंतीएवढा फरक, त्यामुळे आम्हाला वाटलं की एखादी भिंत मोजायचीच राहिली, म्हणून पावसात परत जाऊन मोजून आलो. भिंत काही राहिलेली नव्हती.

झालं होतं असं की एका मित्राने वहीतलं १८ फूट १० इंच हे माप १८.१० असं टाईप केलं होतं. कॉम्प्युटरला ते १८.१ फूट, म्हणजे १८ फूट आणि सव्वा इंचाच्या आसपास. पावणेनऊ इंच तिथेच गेले. चौकाची दुसरी बाजू १४ फूट ५ इंच होती, ती त्याने १४.५ टाकली, ती झाली साडेचौदा फूट, म्हणजे १४ फूट ६ इंच, एक इंच जास्त. म्हणजे एक बाजू कमी आणि दुसरी जास्त, आणि फरकही प्रत्येक ठिकाणी वेगळा, मग कोणता फॅक्टर लावणार? लावताच येत नाही. पॉइंटच्या पुढचा आकडा इंच म्हणून टाकला की १ ते ९ इंचापर्यंत माप थोडं थोडं वाढतं, ९ इंचाला जवळपास पावणेदोन इंच वाढतं, आणि १० आणि ११ इंचाला एकदम नऊ-दहा इंच कमी होतं. छोटे फरक भिंतीच्या गिलाव्यात वगैरे खपून जातात असं वाटतं आणि कुणाला दिसत नाहीत, मोठे तेवढे दिसतात. म्हणून तुमच्या फाइलमध्ये असं झाल्याचा संशय असेल तर वही उघडा आणि आधी १० आणि ११ इंचवाली मापं शोधा, तीच फाइलमध्ये डिस्टने मोजा. तिथे चूक सापडली तर त्या माणसाने टाकलेली सगळी मापं चुकीची आहेत असं धरा, फक्त १० आणि ११ वाली सुधारून थांबू नका. आम्ही तो सगळा भाग पुसून परत काढला, दुसरा मार्ग नव्हता.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही चालतात. एक, फाइल आर्किटेक्चरल युनिटमध्ये ठेवा आणि फुटाचं चिन्ह देऊन १८'१० असं टाईप करा, तिथे एक युनिट म्हणजे एक इंच असतो आणि चिन्ह न देता नुसतं ५ टाकलं तर पाच इंच होतात हे डोक्यात ठेवा. सगळं काढून, तपासून झालं की एकदाच २५.४ ने स्केल करायचं आणि पाटी मिलिमीटरची करायची. दुसरा, काढायच्या आधीच वही एक्सेलमध्ये उतरवायची, फुटांचा कॉलम वेगळा, इंचांचा वेगळा, आणि तिसऱ्या कॉलममध्ये फूट गुणिले ३०४.८ अधिक इंच गुणिले २५.४. १८ फूट १० इंचाचे ५७४०.४ मिलिमीटर येतात. मला स्वतःला हा दुसरा मार्ग आवडतो कारण ग्रुपमधले सहाही जण एकाच शीटमधून आकडे उचलतात आणि कुणाचं काय चुकलं ते नंतर शोधता येतं. फूट आणि इंच एकाच खान्यात पॉइंट देऊन लिहायचे नाहीत, वहीतसुद्धा नाही.

आता समजा मॉडेल, म्हणजे खऱ्या मापात काढलेलं ड्रॉइंग, बरोबर आहे, डिस्टने ९०० येतंय, तरी शीट चुकतेय. मग लेआउटकडे, म्हणजे कागदाच्या पानाकडे, या. व्ह्यूपोर्टच्या (त्या पानावरची मॉडेल दाखवणारी खिडकी) आत डबल क्लिक करून झूम १/१००एक्सपी (एक्सपी म्हणजे कागदाच्या तुलनेत किती पट) द्यायचं किंवा खालच्या पट्टीतल्या यादीतून १:१०० निवडायचं, ते निवडलं की लगेच त्याच पट्टीतलं कुलूप लावायचं. ताई, कालपर्यंत बरोबर होतं, असं जे म्हणतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं कुलूप लावलेलं नसतं, व्ह्यूपोर्टच्या आत माउसचं चाक जरा फिरलं की स्केल गेलं, आणि डोळ्याला तो फरक कळतही नाही. आणि साइट प्लॅन मीटरमध्ये असेल तर यादीतलं १:१०० निवडल्यावर प्लॅन ठिपक्याएवढा होतो, घाबरू नका, कागद मिलिमीटरमध्ये आहे आणि मॉडेल मीटरमध्ये, म्हणून तिथे १:१०० साठी १०एक्सपी आणि १:५०० साठी २एक्सपी द्यायचं.

डॉटेड लाइन सलग दिसत असेल तर एलटीस्केल आणि पीएसएलटीस्केल (तुटक रेघांचं माप ठरवणाऱ्या सेटिंग) दोन्ही १ करा, मग रीजेनऑल (ड्रॉइंग परत रेखाटणारी कमांड) द्या, रीजेनऑल दिल्याशिवाय बदल दिसत नाही. तरीही नाही झालं तर लाइनटाईप, म्हणजे रेघेचा प्रकार, इम्पिरियल (फूट-इंचाच्या) फाइलमधून लोड झालेली असणार, तिचे डॅश मिलिमीटरच्या फाइलसाठी फार बारीक पडतात, मेजरमेंट ही सेटिंग १ करून ती लाइनटाईप परत लोड करा. हॅच, म्हणजे आतला रेघांचा भराव, काळाकुट्ट ठोकळा दिसतो त्याचंही बऱ्याचदा हेच कारण. टेक्स्टचं गणित सोपं आहे, कागदावर २.५ मिलिमीटर हवी तर १:१०० च्या मॉडेलमध्ये २५०, आणि तोच टॉयलेट १:२० लाही दाखवायचा असेल तर ॲनोटेटिव्ह टेक्स्ट (स्केलप्रमाणे आपोआप माप बदलणारी) शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

डायमेन्शनवर हाताने आकडा लिहिण्याबद्दल मघाशी म्हटलं होतं. तसं लिहिलं की ते डायमेन्शन त्या रेघेपासून तुटतं, पुढे भिंत हलवली तरी आकडा तोच राहतो, आणि दुसऱ्याच्या फाइलमध्ये हे बघून ओळखता येत नाही. सगळी डायमेन्शन्स सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइडचा खाना बघा, तिथे काही लिहिलेलं असेल तर पुसा, मग खरा आकडा दिसेल. तो आकडा बघून धक्का बसला तर बरंच झालं, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आधी बसला.

शेवटचा टप्पा प्रिंटचा आणि इथेही स्केल जातं. पीडीएफ काढताना प्लॉट एरिया लेआउट, स्केल १:१, फिट टू पेपर बंद. मग ती पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन आपण प्लॉटिंगवाल्या काकांकडे जातो, तिथे पंधरा पोरं रांगेत असतात, काकांना दिसतं की शीटची बॉर्डर मशीनच्या मार्जिनमध्ये कापली जातेय, म्हणून ते भल्यासाठी फिट दाबतात. तीन-चार टक्के शीट लहान झाली. काकांना दोष देऊ नका, बॉर्डरच १५ ते २० मिलिमीटर आत घ्या म्हणजे फिट दाबायची गरजच पडत नाही, आणि तोंडाने सांगा की काका, ॲक्च्युअल साइझला काढा. ए१ ची शीट ए२ वर काढून घेतली तर १:१०० चं १:१४१ होतं, ए३ वर १:२००, त्यामुळे पैसे वाचवायला लहान कागदावर काढणार असाल तर टायटल ब्लॉकमधलं स्केल बदलायलाच हवं. मी प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची एक बारीक रेघ ठेवते आणि दुकानातून निघायच्या आधी तिच्यावर पट्टी लावते.

सर्व्हेअरकडून आलेल्या फाइलचा एक वेगळाच त्रास असतो, वर्तुळं दातेरी दिसतात, हॅच तुटतं, स्केचअपमध्ये नेलं की मॉडेल फिरवताना भिंती गायब होतात. ती फाइल खऱ्या कोऑर्डिनेट्सवर बसलेली असते, पुण्याचे यूटीएमचे (नकाशांसाठीची मीटरमधली जागतिक कोऑर्डिनेट पद्धत) आकडे पूर्वेकडे तीन लाखांच्या वर आणि उत्तरेकडे वीस लाखांच्या वर मीटर येतात, ते मिलिमीटरमध्ये केले की किती मोठे होतात बघा, इतक्या लांब गेल्यावर सॉफ्टवेअरची अचूकता कमी पडते. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा आणि कॉपीमध्ये प्लॉटचा एक कोपरा ०,० वर आणा, कुठला कोपरा हलवला ते लिहून ठेवा.

आणि सबमिशन उद्याच असेल, फाइल मिश्र असेल, सगळं परत काढायला वेळच नसेल तर? तर नवीन मेट्रिक फाइल घ्या, जुन्यातला एकेक भाग डिस्टने मोजून, बरोबर फॅक्टरने स्केल करून तिच्यात आणा, सकाळपर्यंत होतं. ज्या भागाची खात्री नाही तिथे स्केल लिहू नका, आणि सर-मॅडमना आधीच सांगा की हा भाग परत तपासायचा आहे. माझा अनुभव आहे की आधी सांगितलं तर ऐकून घेतात.

आमच्या वाड्याचं पुढे काय झालं ते राहिलं. सगळी मापं परत टाकल्यावर २२३ मिलिमीटरचा फरक गेला, पण चौक तरीही काटकोनात बसत नव्हता. यावेळी आम्ही घाई केली नाही, जाऊन चौकाचे दोन्ही कर्ण मोजले, आणि ते सारखे नव्हतेच, साधारण सव्वादोन इंचांचा फरक होता. चौकच तिरका बांधलेला होता. मग आम्ही ऑर्थो (रेघा फक्त आडव्या-उभ्या काढू देणारी सोय) बंद केला, एक बाजू काढली, तिच्या एका टोकावरून कर्णाएवढं आणि दुसऱ्या टोकावरून शेजारच्या बाजूएवढं सर्कल मारलं, दोन्ही जिथे छेदतात तो तिसरा कोपरा घेतला, तसाच चौथा, आणि चौक पहिल्यांदा बंद झाला.